बीसी५४७च्या एका टप्प्याचा फ्रीक्वेन्सी रिस्पॉन्स: मोजणीच्या नोंदी

४ नोव्हेंबर: सर्किट आणि डीसी

कोणत्या फ्रीक्वेन्सीला ॲम्प्लिफायर सिग्नल किती पट करतो, ते मोजायचं आहे. मोजायचा आहे एकच टप्पा: बीसी५४७ ट्रान्झिस्टर, कॉमन एमिटर (इनपुट बेसवर, आउटपुट कलेक्टरवर), सप्लाय १२ व्होल्ट. बेसला वरून ४७ किलोओहम आणि खालून १० किलोओहम, कलेक्टरला ३.३ किलोओहम, एमिटरला १ किलोओहम आणि त्याला समांतर १०० मायक्रोफॅरड. इनपुट आणि आउटपुटचे कपलिंग कपॅसिटर प्रत्येकी १० मायक्रोफॅरड, लोड १० किलोओहम. इनपुट कपॅसिटरची धन बाजू बेसकडे, कारण बेसवर २ व्होल्ट आहेत आणि जनरेटरकडे शून्य. आउटपुटचा धन पाय कलेक्टरकडे. सप्लायच्या तारा बोर्डावर येतात तिथेच १०० मायक्रोफॅरड आणि १०० नॅनोफॅरड समांतर लावले. हे दोन नसले तर सप्लायच्या लांब तारांचा परिणाम वरच्या टोकाच्या आकड्यांत मिसळतो.

सिग्नल देण्याआधी डीसी तपासलं. बेस २.०६, एमिटर १.४०, कलेक्टर ७.४० व्होल्ट. म्हणजे करंट १.४ मिलिअँपियर आणि कलेक्टर-एमिटरमध्ये ६ व्होल्ट, सप्लायच्या निम्मे. एसीचा पुढचा सगळा हिशोब याच करंटवर उभा आहे. एमिटरचा आतला रोध २६ मिलिव्होल्ट (थर्मल व्होल्टेज) भागिले १.४ मिलिअँपियर, म्हणजे १८.६ ओहम. कलेक्टरचा आणि लोडचा रोध समांतर २.४८ किलोओहम. भागाकार १३३, म्हणजे ४२.५ डीबी (२० गुणिले लॉग १३३). हा कागदावरचा गेन, आउटपुट इनपुटच्या किती पट ते.

सगळे कपॅसिटर एलसीआर मीटरवर मोजून मगच लावले. एमिटरचा १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक ९१ निघाला. अशा कपॅसिटरला २० टक्के इकडेतिकडे चालतंच, पण खालची कटऑफ (गेन ३ डीबीने उतरतो ती फ्रीक्वेन्सी) याच एका आकड्यावर ठरणार आहे. छापील किमतीवर हिशोब केला तर नंतर जुळवाजुळव करत बसावं लागतं.

५ नोव्हेंबर: जनरेटर, अटेन्युएटर, प्रोब

गेन १२० च्या पुढे असला की इनपुट किती लहान ठेवावं लागतं याचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो. बेस-एमिटर जंक्शनवर शिखराला ५ मिलिव्होल्ट दिले तरी दुसरा हार्मोनिक (दुप्पट फ्रीक्वेन्सीची विकृती) ५ टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून इनपुट शिखर-ते-शिखर ४ मिलिव्होल्ट ठरवलं, तिथे हार्मोनिक २ टक्क्यांच्या आसपास राहतो. एवढा लहान सिग्नल जनरेटरमधून थेट काढला तर त्यात जनरेटरचा स्वतःचा नॉईजच पुष्कळ असतो. त्यापेक्षा जनरेटर ४०० मिलिव्होल्टवर ठेवून सर्किटच्या तोंडाशीच १ किलोओहम आणि १० ओहमचा विभाजक (अटेन्युएटर) लावणं चांगलं. दोन्ही एक टक्क्याचे मेटल फिल्म. गुणोत्तर १०१ ला १, म्हणजे ४०.१ डीबी कमी. सर्किटला दिसणारा सोर्सचा रोध फक्त १० ओहम. या १० ओहमचं ग्राउंडचं टोक एमिटरच्या कपॅसिटरच्या ग्राउंडशेजारीच टोचलं. ४ मिलिव्होल्टच्या सिग्नलला ग्राउंडच्या तारेतला अर्धा मिलिव्होल्टही जड जातो.

या मांडणीचा आणखी एक फायदा आहे. ऑसिलोस्कोपचा (पुढे नुसता स्कोप) पहिला चॅनेल विभाजकाच्या आधी, दुसरा आउटपुटवर, आणि दोन्हीकडे ४०० ते ५०० मिलिव्होल्ट दिसतात. दोन्ही चॅनेल एकाच रेंजवर राहतात, रेंज बदलताना येणारा एकदोन टक्क्यांचा फरक मध्ये येत नाही. गुणोत्तराच्या डीबीत ४०.१ मिळवले की गेन.

जनरेटरच्या पडद्यावरचा व्होल्टेज कुठेही वापरायचा नाही. लोड ५० ओहम आहे असं समजून तो आकडा दाखवत असेल आणि समोर हजार ओहम असतील, तर प्रत्यक्षात जवळपास दुप्पट व्होल्टेज येतो. गेन ६ डीबीने जास्त निघाला की पहिला संशय इथेच घ्यावा. मल्टिमीटरची एसी रेंजही या कामाची नाही. साधे मीटर काहीशे हर्ट्झच्या पुढे हळूहळू कमी दाखवायला लागतात आणि ती उतरण ॲम्प्लिफायरच्या नावावर जमा होते.

प्रोब दोन्ही दहापट (सिग्नल दहाव्या हिश्शावर आणणारे), ज्या चॅनेलला लावायचे त्याच चॅनेलवर स्कोपच्या चौरस तरंगाने कॉम्पेन्सेट केले, म्हणजे चॅनेलशी जुळवून घेतले. कॉम्पेन्सेशन बिघडलेला प्रोब एकदोन किलोहर्ट्झच्या खाली एक गेन दाखवतो आणि वर दुसराच, आणि आलेखात मधोमध एक पायरी दिसते. सर्किटमध्ये तिचं कारण शोधून सापडत नाही. त्यानंतर दोन्ही प्रोब जनरेटरच्या एकाच बिंदूवर लावून १० हर्ट्झ ते २ मेगाहर्ट्झ फिरवलं. दोन चॅनेलमधला फरक ०.२ डीबीच्या आत राहिला. ही तपासणी पाच मिनिटांची आहे, आणि तिच्याशिवाय पुढच्या एकाही आकड्यावर विश्वास ठेवू नये.

७ नोव्हेंबर: खालचं टोक

आउटपुट कपॅसिटरनंतर डीसी उरत नाही, त्यामुळे स्कोपचे दोन्ही चॅनेल डीसी कपलिंगवर ठेवले. एसी कपलिंगमध्ये स्कोपच्या आतच एक कपॅसिटर येतो आणि थेट केबलवर त्याची कटऑफ काही हर्ट्झपासून १० हर्ट्झपर्यंत असते. दहापट प्रोबमुळे ती खाली सरकते खरी, पण जिथे गरजच नाही तिथे ती शंका कशाला ठेवायची? ट्रिगर पहिल्या चॅनेलवरून, बँडविड्थ लिमिट चालू, ६४ वेळांचं ॲव्हरेजिंग. ५० हर्ट्झ आणि त्याच्या पहिल्या काही पटी टाळल्या. मेन्सची घरघर तिथेच बसते आणि सिग्नलशी मिळून आकडा हळूहळू वरखाली झुलत राहतो.

नोंदवलेला गेन, सोर्स १० ओहम:

१० हर्ट्झ: २२.२ डीबी
२० हर्ट्झ: २८.२
४० हर्ट्झ: ३३.८
७० हर्ट्झ: ३७.४
९४ हर्ट्झ: ३८.९
१३० हर्ट्झ: ४०.१
३१० हर्ट्झ: ४१.५
१ किलोहर्ट्झ: ४१.९
१० किलोहर्ट्झ: ४१.९

मधला गेन ४१.९ डीबी, म्हणजे १२४ पट. कागदावरच्या १३३ पेक्षा कमी, आणि त्याची दोन कारणं आहेत. ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रोध काही दशक किलोओहम असतो. तो कलेक्टरच्या रोधाला समांतर धरला की २.४८ चे २.३६ किलोओहमच्या आसपास होतात. दुसरं कारण म्हणजे इलेक्ट्रोलिटिकचा अंतर्गत रोध. अर्धा ओहम ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण तो १८.६ ओहममध्ये मिळवला जातो. दोन्ही धरून १२४ बरोबर जमतात.

३ डीबी खाली म्हणजे ३८.९, ते ९४ हर्ट्झला मिळालं. आता हे ९४ कुठून आले ते पाहू. इनपुट कपॅसिटरला सुमारे ३ किलोओहम दिसतात, त्याची कटऑफ ५ हर्ट्झ. आउटपुट कपॅसिटरला १३.३ किलोओहम, तिथे १.२ हर्ट्झ. एमिटरच्या कपॅसिटरला मात्र १ किलोओहम दिसत नाही. त्याला एमिटरमधून आत पाहिल्यावरचे १८.६ ओहमच दिसतात, १ किलोओहम समांतर धरून १८.३, आणि स्वतःचा अर्धा ओहम. ९१ मायक्रोफॅरड आणि १८.८ ओहम यांची कटऑफ ९३ हर्ट्झ. कटऑफ इथेच ठरते.

यावर थोडं थांबायला हवं. खालचे स्वर कमी पडले की कपलिंग कपॅसिटर १० चे १०० मायक्रोफॅरड करायचे, हा सर्रास चालणारा उपाय. या सर्किटमध्ये त्याने ९४ हर्ट्झ जागचे हलणार नाहीत. एमिटरच्या कपॅसिटरचा हिशोब १ किलोओहम धरून केला तर उत्तर १.७ हर्ट्झ येतं, आणि मग मोजलेले ९४ कुठून आले याचा पत्ता लागत नाही. ते १.७ हर्ट्झही खरे आहेत, फक्त ते पोलचे (जिथे चढता गेन सपाट होतो) नसून झिरोचे (जिथून गेन चढू लागतो) आहेत: त्याच्या खाली कपॅसिटर जणू नसतोच आणि एमिटरचा पूर्ण १ किलोओहम गेन दाबून ठेवतो.

फेजही पाहिला, म्हणजे आउटपुटचा तरंग इनपुटच्या किती पुढेमागे आहे ते. ९४ हर्ट्झला आउटपुट उलट फेजच्या ४५ अंश पुढे. म्हणजे कटऑफजवळ एकच पोल काम करतो आहे. कटऑफवर ४५ पेक्षा बराच जास्त फेज दिसला असता तर जवळ दुसरा पोल आहे असं समजलं असतं.

८ नोव्हेंबर: वरचं टोक, ब्रेडबोर्डवर

एकाच आउटपुटवर आधी एकपट प्रोब, मग दहापट.

एकपट: कटऑफ ४२० किलोहर्ट्झ
दहापट: कटऑफ ९२० किलोहर्ट्झ

सर्किट तेच, मोजणीचं साधन बदललं तर उत्तर दुपटीहून वर गेलं. एकपट प्रोबची केबल आणि स्कोपचं इनपुट मिळून सुमारे १०० पिकोफॅरड लोड टाकतात, दहापट प्रोबवर १२ छापलेले आहेत. हे खरंच कारण आहे का ते वेळेच्या हिशोबाने तपासता येतं. कटऑफचा टाइम कॉन्स्टंट म्हणजे १ भागिले (२π गुणिले फ्रीक्वेन्सी). ४२० किलोहर्ट्झचा ३७९ नॅनोसेकंद, ९२० चा १७३. फरक २०६. त्याला आउटपुटच्या २.३६ किलोओहमने भागलं की ८७ पिकोफॅरड. १०० आणि १२ मधला फरक ८८. बरोबर बसतं.

याच वाटेने प्रोब नसतानाची कटऑफही काढता येते. १२ पिकोफॅरडचे २८ नॅनोसेकंद १७३ मधून वजा केले, १४५ उरले, म्हणजे १.१ मेगाहर्ट्झ. वरच्या टोकाचा आकडा नोंदवताना त्यासोबत प्रोब कोणता, त्याची धारिता किती, हे लिहिलंच पाहिजे. त्याशिवाय तो आकडा सर्किटचा आहे की केबलचा हे वाचणाऱ्याला कळायला काहीच मार्ग नसतो.

११ नोव्हेंबर: सोर्समध्ये १ किलोओहम

१० ओहमच्या सोर्सवर वरची कटऑफ बऱ्याच अंशी बेसच्या आतल्या रोधावर अवलंबून असते, आणि तो बीसी५४७च्या डेटाशीटमध्ये सहसा दिलेला नसतो. हिशोब जमवायचा तर सोर्सचा रोध आपण ठरवलेला आणि त्यापेक्षा मोठा हवा. विभाजक आणि इनपुट कपॅसिटर यांच्यामध्ये १ किलोओहम घातला.

गेन १२४ वरून ९२.५ वर आला, म्हणजे ३९.३ डीबी. या उतारातूनच इनपुट रोध मिळतो: गुणोत्तर ०.७४६, म्हणून २.९ ते ३ किलोओहम. त्यातून बायसचे ८.२५ किलोओहम (बेसचे ४७ आणि १० समांतर) वेगळे काढले की बेसमधून आत पाहिल्यावरचा रोध ४.६ किलोओहमच्या आसपास, आणि करंट गेन (कलेक्टरचा करंट बेसच्या करंटच्या किती पट) २५० च्या जवळ. वेगळं मीटर न लावता ट्रान्झिस्टरचा करंट गेन कळला, तोही प्रत्यक्ष कामाच्या करंटला.

खालची कटऑफ ९४ वरून ७९ हर्ट्झवर उतरली. सोर्सचा रोध, बायसशी समांतर धरून, २५० ने भागला जाऊन एमिटरमध्ये दिसतो, त्याचे साडेतीन ओहम वाढले. वरची कटऑफ मात्र कोसळली: ९२० किलोहर्ट्झची २४५.

हे मिलर परिणामाचं काम. कलेक्टर-बेसमधली धारिता गेनने गुणून इनपुटवर येते. जॉन मिल्टन मिलर यांनी १९२० मध्ये व्हॅक्यूम ट्रायोडसाठी हे मांडलं, ट्रान्झिस्टरला ते तसंच लागू पडतं. २४५ किलोहर्ट्झवरून उलट हिशोब केला तर कलेक्टर-बेस धारिता ५ पिकोफॅरड निघते. ६ व्होल्टच्या आसपास या ट्रान्झिस्टरकडून अपेक्षा त्याहून कमीची होती. उरलेले दोन पिकोफॅरड ब्रेडबोर्डचे आहेत. बीसी५४७चे पाय क्रमाने कलेक्टर, बेस, एमिटर. ब्रेडबोर्डवर कलेक्टर आणि बेस अगदी शेजारच्या ओळींत येतात, आणि शेजारच्या दोन पट्ट्यांमधली धारिता नेमकी तिथे पडते जिथे ती सव्वाशे पट होऊन दिसते. याहून वाईट जागा त्या दोन पिकोफॅरडना मिळाली नसती.

१२ नोव्हेंबर: सोल्डर करून

हेच भाग ठिपक्यांच्या बोर्डवर सोल्डर केले. कलेक्टर आणि बेसच्या मध्ये एक छिद्र मोकळं सोडलं, बेसकडची तार आखूड ठेवली. डीसी पुन्हा तपासलं, काही मिलिव्होल्टांचाच फरक. मधला गेन ३९.३ डीबी, खालची कटऑफ ७९ हर्ट्झ, दोन्ही होते तसेच. वरची कटऑफ २४५ ची ३८० किलोहर्ट्झ झाली. दहापट प्रोबचे २८ नॅनोसेकंद वजा केले की ४१०. उलट हिशोबात कलेक्टर-बेस धारिता आता ३ पिकोफॅरड.

खात्रीसाठी कलेक्टर आणि बेसमध्ये मुद्दाम १० पिकोफॅरडचा सिरॅमिक लावला. हिशोब सांगत होता १०६ किलोहर्ट्झ, मोजले १०५. तोच १० पिकोफॅरड बेस आणि ग्राउंडमध्ये लावला तर कटऑफ ३८० वरून जेमतेम सात-आठ किलोहर्ट्झ खाली आली. कुणाला मिलर परिणाम समजावून सांगायचा असेल तर एवढे दोन आकडे पुरतात. बँडविड्थ मुद्दाम कमी करायची असेल, समजा रेडिओ स्टेशन ऐकू येतंय म्हणून, तर लहानसा कपॅसिटर कुठे लावायचा हेही यातून कळतं.

१३ नोव्हेंबर: चौरस तरंगाने पडताळा

बिंदू-बिंदू मोजणीला दुसऱ्या वाटेने तपासणारी ही झटपट कसोटी. २० किलोहर्ट्झचा चौरस तरंग, तेवढाच लहान. आउटपुटची चढण १० ते ९० टक्के, ०.९२ मायक्रोसेकंद. ०.३५ भागिले ही वेळ, ३८० किलोहर्ट्झ. मग १ किलोहर्ट्झचा चौरस तरंग: वरचं पठार एका टोकाकडून दुसऱ्याकडे सुमारे एक चतुर्थांश उतरलेलं. π गुणिले ७९ भागिले १०००, म्हणजे २५ टक्के. दोन्ही टोकं जुळली. कोपऱ्यांवर लहरी दिसल्या नाहीत. दिसल्या असत्या तर साध्या उताराखेरीज आणखी काही चाललं आहे असं समजून सप्लायचे कपॅसिटर आणि ग्राउंड आधी पाहिले असते.

१५ नोव्हेंबर: एमिटरमध्ये १०० ओहम मोकळा

एमिटरच्या १ किलोओहमच्या जागी १०० आणि ९१० ओहम सिरीजमध्ये. कपॅसिटर फक्त ९१० ला समांतर. डीसी करंट जवळपास तोच. इनपुट वाढवता आलं: जनरेटर २ व्होल्ट, विभाजकानंतर २० मिलिव्होल्ट.

सोर्समध्ये १ किलोओहम, दहापट प्रोब, सोल्डर केलेला बोर्ड:

पूर्ण बायपास (कपॅसिटर एमिटरच्या सगळ्या रोधाला समांतर): ३९.३ डीबी, ७९ हर्ट्झ ते ३८० किलोहर्ट्झ
१०० ओहम मोकळा: २५.२ डीबी, १६ हर्ट्झ ते १.२६ मेगाहर्ट्झ

१४ डीबी गेन दिला, त्या बदल्यात खालची कटऑफ पाचपट खाली आणि वरची तिप्पट वर. त्याच आउटपुटला दुसरा हार्मोनिकही सुमारे सहापट कमी. इनपुट रोध ३ वरून साडेसहा किलोओहम. शिवाय गेन आता १०० ओहमच्या रेझिस्टरवर ठरतो, तापमानाने हलणाऱ्या १८.६ ओहमवर फार कमी. ऐकण्याच्या कामासाठी टप्पा बांधायचा असेल तर हाच बांधावा. पूर्ण बायपासचा गेन आकड्यात मोठा दिसतो, पण तो सिग्नलच्या आकारावर, करंटवर आणि कपॅसिटरच्या वयावर हलत राहतो.

ऑप-ॲम्पच्या (तयार ॲम्प्लिफायर चिपच्या) सवयीने गेन आणि बँडविड्थचा गुणाकार कायम राहील असं धरू नये. पहिल्या मांडणीत ९२.५ गुणिले ३८० किलोहर्ट्झ, ३५ मेगाहर्ट्झ. दुसरीत १८ गुणिले १.२६, साधारण २३. गेन कमी झाल्यावर मिलरची धारिता आटली, पण आउटपुटच्या २.४८ किलोओहमवरची धारिता होती तेवढीच राहिली आणि आता एकूण उशिरात तिचा वाटा ४० टक्क्यांवर आला. त्यातही निम्म्याहून जास्त प्रोबचाच आहे: तो वजा केला की कटऑफ १.६५ मेगाहर्ट्झ. पुढच्या टप्प्याचं इनपुट इथे काही पिकोफॅरड टाकणारच, म्हणून नोंदवहीत १.२६ आणि १.६५ दोन्ही लिहिले, शेजारी प्रोबचे १२ पिकोफॅरड. एकपट प्रोबने हेच आउटपुट मोजलं असतं तर सुमारे ४६० किलोहर्ट्झ दिसले असते आणि एमिटरच्या १०० ओहमचा फायदा जवळजवळ सगळाच झाकला गेला असता.